गॉगलकाकांची रेंज

मला त्या माणसाचा अजून राग येतो. राग आला म्हणून मी अरे-तुरे करणार नाही, तेवढं वळण आहे मला, पण येतो हे खरं. वयाबरोबर राग निवळतो म्हणतात. माझा वाढतच चाललाय.

अंबरनाथ पूर्वेला आमची तीन मजल्यांची सोसायटी. तळमजल्यावर मागच्या बाजूला हे गृहस्थ राहायचे, एकटेच. कुठल्याशा केमिकल कंपनीत सेफ्टी खात्यात जन्म काढलेला. रिटायर झाले, पण गळ्यातली शिट्टी आणि कपाळावरचा गॉगल काही उतरला नाही. गॉगल म्हणजे उन्हाचा नव्हे. कारखान्यातला, जाड काचेचा, बाजूंनी बंद, इलॅस्टिकचा पट्टा डोक्यामागून गेलेला. भाजी आणायला जाताना तो गॉगल, सत्यनारायणाच्या प्रसादाला तो गॉगल. पूजेत भटजी निरांजन पेटवायला लागले की हे गॉगल डोळ्यांवर ओढायचे. मुलांनी त्यांचं नाव गॉगलकाका ठेवलं आणि पुढे आम्हीही तेच म्हणायला लागलो.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत त्या प्लास्टिकच्या बंदुका आल्या. खटका मागे ओढायचा, चाप दाबायचा, की भिजलेल्या साबुदाण्याएवढी पिवळी गोळी सट्कन सुटायची. उल्हासनगरला कॅम्पातल्या दुकानांच्या दारांत माळा लावून टांगलेल्या असायच्या. मी माझ्या मुलीसाठी, सोनलसाठी, तिथूनच घेतली. दुकानदार म्हणाला, "ले जाओ भाभी, बच्चों का आयटम है, कुछ नहीं होता." दहा वर्षांची पोरगी, वाढदिवसाला बाहुली नको म्हणाली, बंदूक हवी. मला उलट कौतुकच वाटलं.

तिसऱ्या दिवशी जिन्यात शिट्टी वाजली. बाहेर येऊन बघते तर गॉगलकाकांच्या हातात सोनलची बंदूक आणि सोनल रडतेय.

"सोनलची आई, ही बंदूक माझ्याकडे राहील."

"का म्हणून? तुमच्या बापाची आहे का?" असं मी म्हणाले नाही, पण तोंडावर आलं होतं. म्हणाले, "खेळणं आहे हो काका ते."

त्यांनी बंदूक जिन्याच्या भिंतीकडे धरली आणि चाप दाबला. गोळी भिंतीवर आपटून परत आली आणि त्यांच्याच नडगीवर बसली. पायजम्यावरून चोळत ते म्हणाले, "बघितलंत? भिंत परत देते."

आठ दिवसांत बिल्डिंगमधल्या सगळ्या बंदुका त्यांच्या लोखंडी कपाटात गेल्या. मुलांनी दिल्या बरं का, आपण होऊन, कारण त्यांनी मुलांना कबूल केलं होतं की नेमबाजीची खरी रेंज बांधून देतो. आणि बांधली. बिल्डिंगच्या मागे, त्यांच्या खिडकीपासून कंपाऊंडच्या भिंतीपर्यंत अडगळीची पट्टी होती. तिथलं गवत स्वतः काढलं. दोन्ही बाजूंना गोणपाटाचे पडदे. जमिनीवर चुन्याची रेघ. रेघेवर फळी, फळीच्या पलीकडे दहा पावलांवर बांबूला टांगलेले पुठ्ठे. आणि पुठ्ठ्यांच्या मागे गोधड्या.

त्या गोधड्यांसाठी हा मनुष्य दारोदार फिरला. नवी चादर चालणार नाही, सतरंजी चालणार नाही, जुनी, मऊ झालेली गोधडीच पाहिजे, आणि ती ताणून नाही, सैल टांगायची. माझ्याकडे सासूबाईंनी त्यांच्या नऊवारींची शिवलेली गोधडी होती. मी ती बाळंतपणात पांघरलेली. दारात हात पसरून उभे. "भिंत परत देते, सोनलची आई. गोधडी ठेवून घेते." मी फणकाऱ्यानं काढून दिली. आठवडाभर घरात भांडी आपटली मी.

त्यांच्या नियमांनी डोकं उठायचं. कंपनीत हत्यार घेताना म्हणे आपला पितळी बिल्ला खुंटीवर टांगायचा, हत्यार परत केलं की बिल्ला परत. तोच कारभार इथे. प्रत्येक मुलाला डब्याच्या पत्र्याचा बिल्ला, त्यावर नंबर. सोनलचा सात. बिल्ला टांगल्याशिवाय बंदूक नाही. कंपनीतून जुने गॉगल मागून आणलेले, ते लावल्याशिवाय रेघेजवळ पाऊल नाही. बघायला आलेल्यांनाही गॉगल. मी एकदा पोरीला दुधाला हाक मारायला मागे गेले तर शिट्टी. "गॉगल." म्हटलं, मी काय तिथे युद्धाला आलेय? तर म्हणाले, "गोळीला कुठे ठाऊक?" हातात पिठाचं भांडं आणि डोळ्यांवर तो गॉगल अशी मी उभी, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बायका खिडकीतून हसतायत.

"बंदुका खाली" म्हटलं की सगळ्यांनी बंदुका फळीवर ठेवायच्या, एक पाऊल मागे यायचं आणि दोन्ही तळवे दाखवायचे. कोणाची नळी पुठ्ठ्यावरून जरा इकडेतिकडे झाली की आख्ख्या रांगेनं ओरडायचं, "नळी खाली." आणि शिक्षा एकच. आठवडाभर बंदूक नाही, फक्त गोळ्या वेचायच्या. गोधड्यांच्या पायथ्याशी पडलेल्या पिवळ्या गोळ्या, गवतातल्या, मातीतल्या, एकेक करून डब्यात.

एकदा काका स्वतःच चुकले. एक पुठ्ठा सुटून लोंबत होता, तो बांधायला रेघ ओलांडून पुढे गेले, आणि फळीवर एका मुलाच्या हातात बंदूक अजून होती. सोनलनं शिट्टी मारली. त्या दिवशी शिट्टीची पाळी तिची होती. म्हातारा चिडेल असं पोरांना वाटलं असणार. हे मागे आले, दोन्ही तळवे दाखवले आणि सोनलला म्हणाले, "बरोबर." दुसऱ्या दिवसापासून सात दिवस गुडघेदुखीचा हा मनुष्य गवतात उकिडवा बसून गोळ्या वेचत होता. मी वरून बघायची. मला वाटायचं, काय हे नाटक. शेवटच्या दिवशी त्यांना उठता येईना, तेव्हा मी खाली जाऊन हात दिला. गॉगल लावून गेले हे कबूल करते.

दीड वर्ष ती रेंज चालली. दीड वर्षात एका मुलाला साधं खरचटलं नाही. आमच्या रस्त्यावरच्या इतर बिल्डिंगांमध्ये कोणाच्या कानाला लागलं, कोणाच्या गालावर वळ उठला, दूधवाल्याच्या किटलीवर पोरांनी नेम धरले. आमच्याकडे काही नाही. आणि काही झालं नाही की माणसाला वाटायला लागतं, काही होणारच नव्हतं.

मग गणपतीत आमच्या कमिटीच्या डोक्यात आलं की मुलांची नेमबाजीची स्पर्धा घ्यावी आणि उद्घाटनाला एका पुढाऱ्याला बोलवावं. नाव कशाला सांगू, सगळीकडे तसे असतात. आमच्याकडे तेव्हा नळाला दिवसाआड पाणी, तेही करंगळीएवढं. यांनी मोठा पाइप टाकून देतो म्हणून शब्द दिलेला. त्यामुळे हार, नारळ, शाल, सगळं झालं. पहिली गोळी पाहुण्यांनी मारायची ठरलं.

काकांनी गॉगल पुढे केला. पाहुणे म्हणाले, "राहू द्या हो, फोटोत तोंड दिसायला पाहिजे." सेक्रेटरी काकांच्या कानाला लागले. काकांनी मान हलवली नाही, गॉगल धरलेला हात मागे घेतला नाही. शेवटी सेक्रेटरींनीच फळीवरची बंदूक उचलून पाहुण्यांच्या हातात दिली. फोटोग्राफर बाजूला उभा होता. तो म्हणाला, "साहेब, जरा इकडे बघा." साहेबांनी इकडे बघितलं, आणि बंदुकीसकट बघितलं. नळी थेट फोटोग्राफरच्या तोंडावर, त्याच्या मागे आम्ही सगळ्या बायका मांडीवर पोरं घेऊन बसलेल्या.

"नळी खाली!" सगळी पोरं एका आवाजात ओरडली.

साहेब दचकले, पण बंदूक तशीच. मग शिट्टी वाजली. काका पुढे झाले, त्यांच्या हातातून बंदूक काढून घेतली, फळीवर ठेवली आणि सवयीनं, अगदी सवयीनं म्हणाले, "आठवडाभर गोळ्या वेचायच्या."

पोरं हसली. आम्हीही हसलो. मी तर पदर तोंडाला लावून हसले. साहेब शाल खुर्चीवर टाकून निघून गेले.

पुढच्या रविवारी सेक्रेटरींनी कागद फिरवला. मुलांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीनं रेंज बंद करण्यात यावी, खाली सभासदांच्या सह्या. सुरक्षिततेच्या दृष्टीनं. वाचताना त्यांची जीभ कशी अडखळली नाही? मी म्हटलं, हे बरोबर नाही. सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, पाणी पाहिजे ना?" मी सही केली. दुसऱ्यांना कशाला बोलू, मीही केली. पाइप पुढे चार महिन्यांनी आला. पाणी करंगळीएवढंच राहिलं.

काकांनी वाद घातला नाही. गोणपाटं काढली, गोधड्या घड्या करून ठेवल्या. मग एका संध्याकाळी प्रत्येक घरी गेले, बंदुका परत करायला. काखेत कापडी पिशवी, पिशवीत लांब वही. सोनल दार उघडून हात पुढे करून उभी राहिली. तिच्या हातात नाही दिली. मला बोलावलं. "सोनलची आई, बंदूक तुमच्या हातात देतोय. मुलीच्या नाही. कुलपात ठेवा, गॉगल जवळच ठेवा. दोन्ही एकत्र निघाली पाहिजेत." वहीत ओळ आखलेली होती. नंबर सात, बंदूक एक, गॉगल एक, आईच्या ताब्यात. त्यांचं पेन चालेना. सोनलनं धावत जाऊन तिच्या कंपासमधलं पेन आणून दिलं. मी 'सोनलची आई' असं लिहायला लागले तर म्हणाले, "तुमचं नाव लिहा. पूर्ण." लिहिलं. आणि ते गेल्यावर बंदूक ठेवली कुठे, तर कपाटावर. कपाटात नाही, कपाटावर. पापडाच्या डब्यामागे.

भाऊबीजेला माझी नणंद कल्याणहून आली. तिचा मुलगा, आठ वर्षांचा, हट्टी. कपाटावरची नळी त्याला दिसली. त्यानं जमिनीवर लोळण घेतली. मी करंज्या तळत होते, घर माणसांनी भरलेलं, नणंद म्हणते, "दे गं, खेळेल जरा, कुठे नजर लागणार आहे तुझ्या बंदुकीला." मी स्टूल घेतलं आणि काढून दिली. मी. माझ्या हातानं.

सोनल म्हणाली, "आई, गॉगल? आणि मागे गोधडी नाहीये."

मी म्हणाले, "सणासुदीचं तुझं ते कारखान्याचं पुराण नको. जिन्यात खेळा म्हणावं."

तळमजल्यावरचा बंटी, पाच वर्षांचा, त्याच्या आईनं दिलेलं फराळाचं ताट घेऊन आमच्याकडे वर येत होता. दोन्ही हातांनी ताट धरलेलं, वरचा क्रोशाचा रुमाल सरकू नये म्हणून हनुवटी त्यावर टेकवलेली. भाच्यानं त्याच्यावर नेम धरला नव्हता, हे मी शपथेवर सांगते. भिंतीवरच्या डागावर धरला होता. भिंतीनं परत दिली.

ताट पडल्याचा आवाज आधी आला. मग बंटीचा. आम्ही सगळे धावलो आणि नुसते ओरडत उभे राहिलो. बंटीची आई त्याचा डोळा चोळायला लागली होती. काका वर आले, तिचा हात बाजूला केला, पडलेल्या ताटातली स्टीलची वाटी उचलून त्या डोळ्यावर उपडी धरली आणि सोनलच्या ओढणीनं बांधली. "चोळायचं नाही. दाबायचं नाही." एवढंच म्हणाले, आणि त्याला उचलून रिक्षात बसले. डॉक्टर नंतर म्हणाले, वाटी धरली म्हणून डोळा राहिला. राहिला म्हणजे जागेवर राहिला. उजेड कळतो, माणूस आलं-गेलं कळतं. अक्षर नाही कळत, आजतागायत.

नंतरच्या रविवारी सभा. खाली पार्किंगमध्ये सतरंज्या टाकल्या, मुलंही येऊन पुढे बसली. बंटीचे वडील उभे राहिले. त्यांनी कोणावर आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "रेंज बंद झाली होती. मग बंदुका घरात आल्या कशा?"

मग सेक्रेटरी म्हणाले, "पोरांना नाद लावला कोणी? जाताना घरोघर वाटल्या कोणी?" झालं. बुडत्याला काडी मिळाली. पहिल्या मजल्यावरची म्हणाली, "आम्हाला कुठे विचारलं? पोराच्या हातात ठेवून गेले." तिच्या शेजारची म्हणाली, "आमच्याकडे पण." तिसरी, चौथी. चोर ते चोर आणि वर शिरजोर. ज्यांनी काकांच्या वहीत वाकून वाकून सह्या केल्या होत्या त्याच सगळ्या. मला इतका संताप आला होता त्यांचा, की आता उठून सांगावं.

"आणि तुमच्याकडे वहिनी?" सेक्रेटरींनी विचारलं. "कोणाच्या हातात दिली?"

काका खांबाशी उभे होते. पिशवी काखेत. त्यांचा हात पिशवीत गेलेला मी बघितला. वहीचं लाल कापडी बाइंडिंग वर आलं, अर्धं. बंटीचे वडील माझ्याकडे बघत होते.

मी म्हणाले, "सोनलच्या."

काकांनी समोर बसलेल्या मुलांकडे बघितलं. मग वही परत आत सरकवली आणि पिशवीचे बंद बांधले. गाठ मारली, वर सुरगाठ मारली. सेक्रेटरी बरंच बोलले. काकांनी ऐकून घेतलं. महिन्याभरात खोली सोडून ते बदलापूरच्या पुढे चामटोलीला भावाच्या घरी राहायला गेले. आमच्यातलं कोणी सामान उचलायलासुद्धा खाली गेलं नाही.

पुढे काही वर्षांनी सोनल दहावी झाली. चांगली झाली. पेढे आणले तेव्हा म्हणाली, "आई, काकांना नेऊन दे." म्हटलं, तू पण चल. म्हणाली, "नको. तूच जा."

गेले. चामटोलीत घर शोधायला वेळ लागला नाही, लांबूनच शिट्टी ऐकू आली. मागच्या अंगणात गावातली पाच-सहा पोरं बेचक्या घेऊन चुन्याच्या रेघेवर उभी, प्रत्येकाच्या तोंडावर तो गॉगल. समोर डबे, डब्यांच्या मागे गोधड्या. मधली माझ्या सासूबाईंची.

"काका, ती बाय रेघेच्या आत आली," एक पोरगं ओरडलं.

"गॉगल," काका म्हणाले, आणि मग ओळखलं. मला बाज दिली, पाणी आणलं. सोनलचे मार्क विचारले. गोधडी परत न्यायची का, हे विचारलं. मी नको म्हणाले. पेढा खाऊन झाल्यावर मात्र मला राहवेना. म्हटलं, "वही होती ना तुमच्याकडे? का नाही काढलीत?"

त्यांनी बोटं धोतराला पुसली.

"पोरगी समोर बसली होती," ते म्हणाले. "तिला कशाला कळायला हवं, आई खोटं बोलली."

येतो ना राग? आयुष्यभर एक ओळ चुकीची लिहिली नाही, कुणाला एक शिक्षा माफ केली नाही, पाहुण्याला नाही, स्वतःला नाही, आणि मला तेवढी माफ. काढायची होती वही त्यांनी. सगळ्यांसमोर वाचायची होती, माझं पूर्ण नाव, मोठ्यानं. मी त्या बाजेवर बसून त्यांना आठवण करून देऊ शकले नाही की कळायचं काही शिल्लकच नव्हतं. वहीत सही केली तेव्हा पोरगी माझ्या शेजारी उभी होती. पेन तिचंच होतं.